पोस्टमनची फेरी

वाल्पाराइसो,
६ एप्रिल, शनिवार

प्रिय यास्ना,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तिकडे दक्षिण टोकाला, तुमच्या पुंता आरेनासला, आताच थंडीने दात वाजायला लागले असतील. आई सांगत होती, तू शिकवतेस त्या शाळेतला हीटर बिघडलाय आणि मुलं कोट घालून वर्गात बसतात. गळ्याला काहीतरी गुंडाळत जा. लहानपणी आधी तुझा घसा बसायचा आणि दुसऱ्या दिवशी ताप यायचा, अजूनही तसंच असेल.

पाकिटावरचं अक्षर बघून तुला नवल वाटलं असेल. चौतीस वर्षं मी या टेकड्यांवर लोकांची पत्रं वाटली, पण स्वतः कधी कुणाला लिहिल्याचं आठवत नाही. माझी सगळी माणसं हाकेच्या अंतरावर होती, लिहायचं कुणाला? तू माझ्याशी फोनवर बोलत नाहीस, म्हणून हा कागद घेतला. ही तक्रार नाही. तुम्ही मायलेकी बोलत असता तेव्हा मी अंगणात जाऊन कुंड्यांना पाणी घालतो. आता कुंड्यांतली मुळं कुजायला लागलीत, असं आई म्हणते. तुम्ही जरा कमी बोलत जा.

तू दिलेला फोन मी वापरत नाही. आईलाच देऊन टाकला. माझ्याकडे बटणांचा एक साधा आहे, त्यात बोलणं आणि वेळ बघणं एवढंच होतं. सात महिने झाले.

आता आईची बातमी. तिला मी सांगितलंय की तुला हे मी कळवणार, म्हणून तिने अजून सांगितलं नसेल. काल ती घरापासून शहाण्णव पायऱ्या उतरली आणि शहाण्णव पायऱ्या चढून घरी आली. वॉकर नाही, हातात फक्त काठी. खालच्या रस्त्यापासून आपल्या दारापर्यंत दोनशे सात पायऱ्या आहेत हे तुला ठाऊक आहे, शाळेला उशीर झाला की तू त्या चार मिनिटांत उतरायचीस. आईला कालच्या शहाण्णवांना पन्नास मिनिटं लागली. घरी आल्यावर खुर्चीत बसली आणि म्हणाली, "म्हाताऱ्या, चहा टाक. आज मी पाहुणी आहे." मी चहा टाकला, पाव भाजले, त्यावर पाल्त्याचा हिरवा गर कुस्करून दिला. अभिमान वाटावा अशी बाई आहे तुझी आई.

हे सगळं कसं सुरू झालं, ते तुला माहीत नाही. गेल्या वर्षी, आईच्या पायाच्या शस्त्रक्रियेनंतर तू परत गेलीस, आणि आठ दिवसांनी तिला इस्पितळातून घरी आणलं. गाडी खालच्या रस्त्यापर्यंतच येते. तिथून स्ट्रेचर उचलून वर न्यायचं. अग्निशामक दलाची तीन पोरं आली होती, चौथं टोक मी धरलं. मीच म्हणालो, या पायऱ्या मला शिकवू नका, मी इथला पोस्टमन आहे. तिसाव्या पायरीवर माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. पस्तिसाव्या पायरीला मी "थांबा" म्हणालो आणि भिंतीला टेकून खाली बसलो. शर्टाची बटणं ताणली गेली होती आणि श्वास काही केल्या छातीत शिरत नव्हता. स्ट्रेचर तिरकं झालं. आई त्यावर पट्ट्यांनी बांधलेली, तिने कड धरून ठेवली.

तेवढ्यात शेजारच्या दोन्या होर्तेन्सिया भाजीची टोपली घेऊन वर येत होत्या. वय एकाहत्तर. त्यांनी टोपली माझ्या मांडीवर ठेवली, माझं टोक उचललं आणि म्हणाल्या, "पोस्टमन, बटाटे सांभाळ. तेवढं जमेल ना?"

पोरं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. आई स्ट्रेचरवरून म्हणाली, "बसू द्या त्याला. चौतीस वर्षं ओझं वाहिलंय त्याने." यास्ना, त्या टोपलीकडे बघत मी तिथे किती वेळ बसलो होतो, सांगता येणार नाही.

पुढे दर गुरुवारी आरोग्य केंद्रातून कोन्स्तान्सा नावाची मुलगी आईचा व्यायाम घ्यायला यायला लागली. तुझ्याहून लहान असेल. दुसऱ्याच गुरुवारी तिने आईला सोडून माझ्याकडे मोर्चा वळवला.

"घरात यांच्या बरोबर चालणारं कोण आहे?"

"मी."

"मग चला बाहेर. वीस पायऱ्या उतरून चढून दाखवा."

चढून आलो तर माझी नाडी मोजून तिने आईला विचारलं, "पेशंट नक्की कोण आहे?" आणि वहीत दोघांची नावं लिहिली. आईला खोलीत शंभर पावलं, मला रोज चाळीस पायऱ्या. पुढच्या गुरुवारी दोघांना विचारणार, असा दम.

पहिले महिने चांगले गेले नाहीत. पावलं मोजायला म्हणून मी फोन बरोबर न्यायचो. दहा पायऱ्या झाल्या की बसायचो आणि आकडा बघायला फोन काढायचो. आकडा राहायचा बाजूला. एक माणूस दूरच्या कुठल्याशा डोंगरात पाठीवर सामान घेऊन चालायचा आणि त्याचे व्हिडिओ टाकायचा. मी पायरीवर बसून त्याचं चालणं बघायचो. एकदा तीन तास बसलो. वरून आई खिडकीतून बघत होती. आत गेलो तेव्हा म्हणाली, "पोचला का तो शिखरावर?" बस्, एवढंच.

सप्टेंबरात मी फोन तिच्या हातात दिला. दोन्या होर्तेन्सियांना आधी विचारलं होतं, तुमच्याकडे कुलपात ठेवाल का. त्या म्हणाल्या, "मी काही तुझी आई नाही. कुलूप स्वतःला लाव."

आणि यानंतर जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. हाताला चैन पडेना. मुठी उघडायच्या, मिटायच्या. घरात बसलो की नजर आईच्या फोनकडे जायची. म्हणून सकाळी उठून निघायला लागलो, आणि जायचं कुठे हे सुचेना तेव्हा पाय आपोआप जुन्या फेरीवर गेले. आपली टेकडी, मग घळीपलीकडची, मग दीपस्तंभाकडची वळणं. ज्या क्रमाने पत्रं टाकायचो त्याच क्रमाने. पहिल्या दिवशी सहा घरांपर्यंत पोचलो. पूर्वी दोनशे दहा घरं करायचो.

दोन्या होर्तेन्सियांनी आठवडाभर बघितलं आणि एक दिवस टोपली घेऊन मागे निघाल्या. म्हणाल्या, "भाजी घ्यायला चाललेय." भाजीवाला उलट्या दिशेला बसतो. मग बंदरावर क्रेन चालवायचा तो ब्राउलियो आला. बायको गेल्यापासून तो सकाळी सातला टीव्ही लावायचा, आणि टीव्हीसमोरच जेवायचा, तिथेच झोपायचा. त्याला होर्तेन्सियांनी दारातून बाहेर ओढलं. मग निळ्या घरातली जाकेलीन. बेचाळीस वर्षांची आहे, कुठल्याशा कंपनीचं काम घरून करते, दिवसाचे दहा तास कॉम्प्युटर आणि उरलेले मोबाइल. तिची पाठ धरली होती. ती म्हणाली, "मला फक्त अर्धा तास आहे." आता ती दीड तास चालते.

आज आम्ही अकरा जण आहोत. मंगळवार, शुक्रवार, सकाळी आठला. नियम एकच: सगळ्यांचे फोन होर्तेन्सियांच्या टोपलीत. त्या सर्वांत पुढे. टोपली वाजली की त्या उचलतात, "चालतोय, नंतर," म्हणतात आणि बंद करतात. परवा जाकेलीनच्या साहेबांचा फोन होता. त्यांनाही तेच.

प्रत्येक दारापाशी मी सांगतो, इथे कोण राहायचं, कुणाची वाट बघायचं. पत्रात काय होतं ते नाही सांगत, ते मला ठाऊकही नसायचं. पण पत्र घेताना चेहरा कसा व्हायचा ते सांगतो. लोक त्यासाठी चालतात की चालायचं म्हणून ऐकतात, मला कळत नाही. टेकडीवर आता याला 'पोस्टमनची फेरी' म्हणतात. माझं वजन सोळा किलोंनी उतरलंय. आईने दोन विजारी आवळून दिल्या आणि तिसरी देणार नाही म्हणाली.

गेल्या जानेवारीत आई पडली त्या दिवसाबद्दलही लिहायचं होतं. पण कागद संपत आला. स्वतःला जप.

तुझा,
बाबा


वाल्पाराइसो,
१९ जून, बुधवार

प्रिय यास्ना,

आशीर्वाद. माझं पत्र मिळालं, असं तू आईला सांगितलंस. उत्तर नाही, हे मी धरूनच चाललो होतो. इथे चार दिवस पावसाने धरलंय, खालचा रस्ता नदी झाला. काल फेरीला पाचच जण आले. ब्राउलियो क्रेनवरचा पिवळा रेनकोट घालून आला होता, लांबून वाहतूक पोलीस वाटत होता. आईच्या पायऱ्या आता एकशे वीस. पावसात मी तिला उतरू देत नाही, त्यावरून रोज भांडण.

मागच्या पत्रात कागद संपला म्हणून लिहिलं ते खोटं. वहीत साठ पानं कोरी होती.

मला तुझे इस्पितळातले शब्द आठवतात. आईला आत नेलं होतं. तू विमानतळावरून तशीच बॅग घेऊन आलीस, आणि मी बाकावर बसून फोनकडे बघून हसत होतो. कशाला हसत होतो तेही आता आठवत नाही, एवढी त्या गोष्टीची लायकी. तू माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "बाबा, तुम्हाला हातपाय राहिलेच नाहीत. फक्त एक अंगठा राहिलाय." बाजूचे लोक वळून बघायला लागले. मला राग आला होता. लोकांसमोर बापाला बोलली म्हणून मी पुढचे बारा दिवस गप्प राहिलो, आणि तूही. मग तू गेलीस.

पण आई पडली त्या दिवशीचं खरं तुला सांगितलेलंच नाही. सगळ्यांना मी सांगितलं की कानात फोनची ती बोंडं घातलेली होती, म्हणून पडल्याचं ऐकू आलं नाही. स्ट्रेचरवाल्यांना, डॉक्टरना, तुला, होर्तेन्सियांना. आईनेही तेच सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, "हाक नाही मारलीत?" तर ती म्हणाली, "मारली, पण त्याच्या कानात ते होतं ना."

कानात काही नव्हतं, यास्ना.

मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत होतो. फोनवर डॉमिनो खेळत होतो, कुणा अनोळखी माणसाबरोबर. आई स्वयंपाकघरात पीचच्या मुरंब्याच्या बरण्या वरच्या फळीवर ठेवत होती, स्टुलावर चढून. "जरा धरतोस का?" असं तिने त्याआधी विचारलं होतं. मी "हो" म्हणालो आणि बसून राहिलो. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. बरणी फुटली, असं मला वाटलं. मग तिची हाक आली, "आर्नोल्दो." मोठ्याने नाही. मी म्हणालो, "आलो."

माझ्या हातात चार सोंगट्या राहिल्या होत्या आणि मी जिंकत होतो.

डाव संपला, मी जिंकलो. दुसरा डाव आपोआप सुरू होतो, काही दाबावंही लागत नाही. मी तिला 'आलो' म्हटलंय, हे मी विसरून गेलो. मुद्दाम नाही गेलो असं नव्हे, नि मुद्दाम बसलो असंही नव्हे. विसरलो. जी बाई बेचाळीस वर्षं माझ्या बुटांचे तळ तपासून मला नवे बूट घ्यायला लावायची, ती पलीकडच्या खोलीत फरशीवर पडली होती, आणि मी तिला विसरलो. तिने पुन्हा हाक मारली नाही. पंचवीस मिनिटं गेली. तहान लागली म्हणून मी उठलो. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, यास्ना. तिच्यासाठी नाही.

ती काचांमध्ये कुशीवर पडली होती. मला बघून म्हणाली, "पायात चपला घाल, काचा आहेत."

हे मी सव्वा वर्ष कुणाला सांगितलं नाही. आईशीही बोललो नाही. मला वाटायचं, वेदनेत तिने माझं 'आलो' ऐकलं नसेल, कानात बोंडं होती हे तिला खरंच वाटलं असेल. अशी सोयीची समजूत माणूस करून घेतो. फेरीत लोक मला मान द्यायला लागले, जाकेलीन म्हणाली, "तुमच्यामुळे माझी पाठ सुटली," आणि मी पुढच्या दाराकडे वळलो.

मे महिन्यात एक दिवस ऊन होतं. आई शंभराव्या पायरीवर दम खायला बसली, मी शेजारी. खाली बंदरात एक मोठं जहाज वळत होतं. मी म्हणालो, "नेलिदा, त्या दिवशी माझ्या कानात काही नव्हतं."

ती जहाजाकडेच बघत म्हणाली, "मला ठाऊक आहे. तू 'आलो' म्हणालास."

"मग डॉक्टरांना तसं का सांगितलंस?"

"काय सांगायला हवं होतं?"

"खरं."

"मला तेव्हा घरात एक माणूस हवा होता, गुन्हेगार नको होता. गुन्हेगार काय कामाचा? तो कोपऱ्यात तोंड लपवून बसतो. मला पाणी कोण देणार होतं?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण आज तू बोललास ते बरं केलंस. मी एकटीच हे उचलून वर चढत होते. दमायला होतं."

मी तिचा हात धरायला गेलो तर म्हणाली, "हात नको. रेलिंग आहे. तू मागे राहा." आणि उठून चढायला लागली.

तिने मला माफ केलं की नाही, मी विचारलं नाही. तू तरी करावंस म्हणून हे लिहीत नाही. तू ज्या माणसावर रागावलीस, तो माणूस तुला वाटतो त्याहून वाईट वागला होता, एवढं तुला ठाऊक असायला हवं. आणि अजूनही मी काही बरा झालेलो नाही. मागच्या महिन्यात आई झोपली असताना तिचा फोन घेऊन मी न्हाणीघरात गेलो. दहा मिनिटं डॉमिनो खेळलो, मग लाज वाटली. बाहेर आलो आणि तिला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "जिंकलास का?" मी म्हणालो, "हरलो." ती म्हणाली, "बरं झालं," आणि कूस बदलून झोपली.

तू रागावलीस तर तुझं बरोबर आहे. पण आईशी बोलणं थांबवू नकोस.

बाबा


वाल्पाराइसो,
२ ऑक्टोबर, बुधवार

प्रिय यास्ना,

आशीर्वाद. तुझं पत्र सोमवारी आलं. ते घेऊन येणारी पोस्टमन मुलगी नवी आहे, तिला मी आपली फेरी शिकवली होती, कुठल्या कुत्र्यापासून लांब राहायचं तेही. तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि थांबून राहिली. मी विचारलं, काय? म्हणाली, "तुम्हीच सांगता ना, पत्र घेताना चेहरा बघायचा असतो." तिला काय दिसलं कोण जाणे. पिशवी सावरून पुढे गेली.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग आईला वाचून दाखवलं. तू लिहिलंस, तुला आधीपासून माहीत होतं. शस्त्रक्रियेनंतर आई अर्धवट गुंगीत होती आणि तुझा हात धरून सारखी म्हणत होती, "तो आलो म्हणालाय, येईल आता, येईल आता." आणि तू तिला सोडून बाहेर आलीस तर मी त्या बाकावर, पुन्हा फोन घेऊन. आईला यातलं काही आठवत नाही. त्या ओळीला मी कागद तिच्यापुढे धरला, मग ती ओळ तिने स्वतः वाचली. आणि म्हणाली, "म्हणजे पोरगी एवढे दिवस हे एकटी घेऊन बसली होती." आपण तिघंही एकच गोष्ट तीन ठिकाणी लपवून बसलो होतो.

तू लिहिलंस, तो अंगठ्याचा शब्द तुला मागे घ्यायचा नाही. घेऊ नकोस. तो खरा होता.

पण तू लिहिलेली दुसरी गोष्ट मला मान्य नाही. 'फोन मीच घेऊन दिला होता. तुमचे पाय थांबले, आता मन रमेल, म्हणून सर्वांत मोठा पडदा बघून घेतला होता. मग रागवायचं कुणावर?' असं तू लिहिलंस. यास्ना, तू मला जगातली सर्वांत लांबची माणसं दाखवणारी वस्तू दिलीस. जवळचं माणूस बघू नका, असं तू सांगितलं नव्हतंस. निवृत्तीच्या दिवशी माझी पिशवी काढून घेतली आणि माझ्या खांद्याला कळेना आता काय करायचं. तो फोन नसता तर टीव्ही असता, ब्राउलियोसारखा, किंवा कोपऱ्यावरचा दारूचा गुत्ता. त्या खुर्चीत मी बसलो होतो, तू मला बसवलं नव्हतंस. यापुढे हे मनात आणायचं नाही. हे बाप म्हणून सांगतोय, आणि तेवढा हक्क माझा अजून आहे असं धरून चालतो.

आता ऐक. अठरा सप्टेंबरला, राष्ट्रीय सणाच्या दिवशी, आई सकाळी लाल स्वेटर घालून तयार झाली आणि म्हणाली, "मला मासळी बाजारात जायचंय. रेइनेता मी स्वतः बघून घेणार. तू आणतोस ती डोळे मिटलेली असते."

उतरायला चाळीस मिनिटं लागली. बाजारात ती तासभर फिरली, कोळ्यांशी भांडली, एका पोरीला तिच्या बाळाचं टोपरं सरळ करायला लावलं. वीस महिने तिने बाजार बघितला नव्हता. मासळीची पिशवी मी घेतली. परत पायऱ्यांच्या तळाशी आलो तर वरची सगळी मंडळी सणासाठी बाहेर, झेंडे लावलेले, कुणाकडे मांस भाजत होतं. कुणीतरी वरून ओरडलं, नेलिदा खाली आहे. मग काय, खिडक्या उघडल्या.

ती चढायला लागली. एक पाय, काठी, दुसरा पाय. मी दोन पायऱ्या मागे. पन्नास झाल्या, शंभर झाल्या. एकशे पन्नासावर तिचा चांगला पायही थरथरायला लागला. ती रेलिंगला टेकली. ओठ पांढरे पडले होते. अग्निशामक दलाचा एक पोरगा वरून धावत आला, तोच, स्ट्रेचरवाला. म्हणाला, "काकू, आम्ही दोघं तुम्हाला खुर्चीत घालून वर नेतो, पाच मिनिटांचं काम."

तिने माझ्याकडे बघितलं. पोरगाही माझ्याकडे बघत होता, मी सांगेन म्हणून. मला सांगायचं होतं की हो, ने. पण मी म्हणालो, "तिलाच विचार."

ती म्हणाली, "खुर्ची आण. पण बसायला. पाच मिनिटं बसेन आणि मग चढेन."

ती बसली. कुणीतरी मोते कोन उएसिलोचा, गहू आणि सुक्या पीचच्या गोड सरबताचा, पेला आणून दिला, तो तिने चमच्याने सावकाश संपवला, तळाशी राहिलेलं पीचही चोखून खाल्लं. दोन्या होर्तेन्सिया वरच्या पायरीवर हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "नेलिदा, वर मांस थंड होतंय."

"होऊ दे. मी मासा आणलाय."

आणि उठली. शेवटच्या सत्तावन्न पायऱ्यांना अर्धा तास लागला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, ते मला फार आवडलं. माणसं आपापल्या दारात उभी राहिली आणि ती समोरून जाताना म्हणत गेली, "सणाच्या शुभेच्छा, नेलिदा," जशी रोज ती तिथून जात असावी तशी. जाकेलीन रडत होती. तिच्या हातात फोन नव्हता, म्हणून याचा फोटो नाही. कुणीच काढला नाही. तुला पाठवायला माझ्याकडे हे पत्र तेवढं आहे.

दारात पोचल्यावर तिने काठी भिंतीला लावली. मी मागून आलो, पिशवी हातात, घामाने भिजलेलो. ती मला म्हणाली, "धापा का टाकतोयस? चढले तर मी."

तो मासा तिने स्वतः तळला. मी स्टूल धरलं नाही, कारण आता वरच्या फळीवर काहीच ठेवलेलं नाही, सगळ्या बरण्या खाली आणल्यात. आम्ही फेरीतले अकराही जण आपल्या घरीच जेवलो. टोपली दारात राहिली, चार-पाच वेळा वाजली, कुणी उठलं नाही.

तू लिहिलंस, जानेवारीत सुट्टीला येईन, पण बाबांशी कशी बोलेन ते आता सांगता येत नाही. ये. बोलायलाच हवं असं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी आठला आम्ही निघतो. मागे मागे चाललीस तरी चालेल, बरेच जण तसंच सुरू करतात. तिसऱ्या टेकडीवर एक हिरवं दार आहे, तिथल्या बाईच्या मुलाचं पत्र अकरा वर्षांनी आलं होतं आणि मी ते दिलं होतं. ती गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. तुझ्यासाठी ठेवतोय.

क्षमा मागायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत, सापडले की समोर सांगेन. तोवर एवढं मात्र लिहून ठेवतो: मला तुझ्या आईचा अभिमान वाटतो. खरं तोंडावर बोलणाऱ्या तुझा वाटतो. आणि परवापासून, अगदी थोडा, माझाही वाटायला लागलाय.

तुझा बाबा,
आर्नोल्दो सिस्तेर्नास